खातेवहीचे स्थलांतर

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या मार्गावर सिलतरा हे औद्योगिक क्षेत्र वसलेले आहे. स्पंज आयर्न आणि पोलाद तयार करणारे अनेक कारखाने तेथे आहेत. पोलादाच्या व्यवहारात मालाइतकेच महत्त्व त्याच्या दाखल्याला असते. भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या रसाला ‘हीट’ म्हणतात. प्रत्येक हीटला क्रमांक दिला जातो आणि तिच्यातील कार्बन, मँगॅनीज, गंधक, फॉस्फरस यांचे प्रमाण तपासणीच्या दाखल्यात नमूद केले जाते. सळया विकत घेणारा अभियंता हा दाखला पाहतो. आणि पुढे कधी बांधकामाला तडा गेला, तर चौकशी करणारेही प्रथम तोच मागतात.

समजा, अशा एका कारखान्याने २०२१ साली आपले दाखले ब्लॉकचेनवर नोंदवण्यास प्रारंभ केला. येथे मूळ दाखला जाळ्यावर ठेवण्याची गरज नसते. गणिती क्रियेने त्याचा एक ठसा काढला जातो. दाखल्यातील एक अंक जरी बदलला, तरी हा ठसा पूर्णपणे बदलतो. असे हजारो ठसे जोडीजोडीने एकत्र करीत गेल्यास अखेरीस एकच ठसा उरतो आणि तेवढाच जाळ्यावर नोंदवला जातो. ही खातेवही अनेक ठिकाणच्या संगणकांवर एकाच वेळी लिहिली जात असल्यामुळे कोणा एकास तिचे मागील पान गुपचूप बदलता येत नाही.

काही वर्षांनी कारखान्याला दुसऱ्या जाळ्यावर जावेसे वाटते. कारण बहुधा खर्चाचे असते. प्रत्येक नोंदीसाठी शुल्क द्यावे लागते आणि २०१५ साली सुरू झालेल्या इथेरियम या जाळ्यावर २०२१ साली ते फार वाढले होते. महाराष्ट्रात दोन्ही प्रकारची जाळी वापरली गेली आहेत. राज्याच्या कौशल्य शिक्षण मंडळाने २०२१ साली आपल्या प्रमाणपत्रांसाठी इथेरियमचा आधार घेतला. २०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात जातीच्या दाखल्यांसाठी पॉलिगॉन हे स्वस्त जाळे निवडण्यात आले. जातीच्या दाखल्यावर शिष्यवृत्ती आणि नोकरी अवलंबून असते, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा नोंदींचे मोल वेगळे सांगावयास नको.

स्थलांतराचा विचार करणाऱ्यास आरंभी असे वाटते की, नोंदी करणारी आज्ञावली नव्या जाळ्यावर चढवली की काम झाले. इथेरियमसाठी लिहिलेली आज्ञावली पॉलिगॉनवर बहुतांशी तशीच चालते, हे खरे. तरीही बारकावे तपासावे लागतात. प्रत्येक जाळ्याला स्वतःचा क्रमांक असतो: इथेरियमचा १, पॉलिगॉनचा १३७. नव्या ठिकाणी आज्ञावलीचा पत्ता सहसा निराळा होतो. वेळेची मोजणीही बदलते. इथेरियमवर दर १२ सेकंदांनी वहीचे एक पान भरते, म्हणजे दिवसाला ७,२०० पाने होतात. दोन सेकंदांनी पान भरणाऱ्या जाळ्यावर हीच संख्या ४३,२०० होते. पाने मोजून मुदत ठरवणारी आज्ञावली तेथे तशीच नेली, तर दिवसाची मुदत चार तासांत संपेल.

हे दोष चाचणीत सापडतात व दुरुस्त करता येतात. खरी अडचण निराळीच आहे. नोंद नव्या जाळ्यावर नेता येते. तिची तारीख नेता येत नाही.

२०२१ चा ठसा २०२४ साली नव्या जाळ्यावर लिहिला, तर ते जाळे एवढीच ग्वाही देईल की, हा दाखला २०२४ मध्ये अस्तित्वात होता. तो त्यापूर्वी तीन वर्षे होता, याची साक्ष फक्त जुनी वही देऊ शकते. पूल खचल्यावर ‘हा दाखला नंतर तयार केला काय?’ असा प्रश्न निघाला, तर सारा वाद याच तीन वर्षांविषयी होईल. म्हणून शहाणा व्यवस्थापक पुढील क्रम पाळतो. जुन्या नोंदींची यादी व त्यांचे पुरावे तो प्रथम स्वतःजवळ जतन करतो. नंतर त्या संपूर्ण यादीचा ठसा नव्या जाळ्यावर लिहितो आणि त्यासोबत जुन्या नोंदीचा ठिकाणाही देतो. पडताळणीची व्यवस्था तो दोन्ही वह्या पाहील अशी करतो, कारण वाटलेल्या कागदांवरील चौकोनी संकेतचिन्हे परत बोलावता येत नाहीत. हे सर्व जुने जाळे चालू असतानाच करावयाचे असते.

जाळी बंद पडतात काय, अशी शंका वाचकास येईल. ‘मुंबई’ हे पॉलिगॉनचे चाचणी जाळे होते. ते इथेरियमच्या ‘गोर्ली’ या चाचणी जाळ्यावर टेकलेले होते. गोर्लीचा शेवट ठरला, तसा मुंबईचाही ठरला. २०२४ च्या आरंभी ‘अमोय’ हे नवे चाचणी जाळे ‘सेपोलिया’च्या आधारावर उभे राहिले आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मुंबईचा आधार काढून घेण्यात आला. ज्यांच्या आज्ञावलीत मुंबईचा ८०००१ हा क्रमांक होता, त्यांना तेथे ८०००२ लिहावे लागले. चाचणी जाळे कायमचे नसते, हे सर्वांना ठाऊक होते. यावरून घ्यावयाचा बोध असा की, आपण ज्या जाळ्यावर उभे आहोत, ते कशावर उभे आहे, हेही पाहिले पाहिजे.

ज्या प्रकल्पांत नाणी असतात, तेथे जोखीम अधिक असते. नाणी एका जाळ्यावर अडकवून दुसऱ्यावर तेवढीच देणाऱ्या व्यवस्थेला सेतू म्हणतात. मार्च २०२२ मध्ये ‘रोनिन’ या सेतूच्या नऊ राखणदारांपैकी पाच जणांच्या किल्ल्या चोरांच्या हाती गेल्या आणि ६० कोटी डॉलरांहून अधिक मोलाची संपत्ती नाहीशी झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये पॉलिगॉनचे मॅटिक हे नाणे ‘पोल’मध्ये बदलले. पॉलिगॉनवरील नाणी आपोआप बदलली; इथेरियमवर ती बाळगणाऱ्यांना मात्र बदल स्वतः करून घ्यावा लागला. तेव्हा कोणाला काय करावे लागेल आणि कोणाला काहीच करावे लागणार नाही, हे स्थलांतरापूर्वी स्पष्ट शब्दांत कळवणे हे चालकांचे कर्तव्य ठरते.

सिलतऱ्याच्या आपल्या कारखान्याकडे नाणी नाहीत, केवळ दाखले आहेत. त्याचे नुकसान एका रात्रीत दिसणार नाही. ते दहा वर्षांनी, एखाद्या अभियंत्याने जुन्या हीटचा क्रमांक शोधू पाहिला आणि उत्तर आले नाही, तेव्हा दिसेल. म्हणून स्थलांतराची कसोटी नव्या जाळ्यावरील पहिल्या नोंदीने लावू नये. जुन्या वहीतील सर्वांत जुना दाखला काढावा, तो अनोळखी माणसाच्या हाती द्यावा आणि त्याला कोणाच्याही मदतीवाचून पडताळता येतो काय, हे पाहावे.