आमदाराचे काम आणि आपला अर्ज

मंडळी, मांजर्लीला संध्याकाळी आमचा वर्ग भरतो. एके दिवशी आम्ही फळ्यावर एकच शब्द लिहिला: आमदार. सर्वांनी तो अक्षराला अक्षर जोडून वाचला. मग आम्ही विचारले, "सांगा बरं, आमदार काय काम करतो?"

एक जण म्हणाला, "रस्ता करून देतो."

दुसरा म्हणाला, "नळ आणतो. गटार बांधतो."

तिसरा म्हणाला, "लग्नाला येतो, मयताला येतो."

मागच्या ओळीतून एक आजी बोलल्या, "गुरुजी, तो मत मागतो!" सारा वर्ग हसला.

उत्तरे सगळी खरी होती. पण एक उत्तर राहून गेले, आणि तेच पहिले होते. आमदाराचे पहिले काम म्हणजे कायदा करणे. आज आपण एका आमदाराची आणि एका कायद्याची गोष्ट वाचू. शेवटी एक अर्ज लिहायला शिकू. गोष्टीचा आणि अर्जाचा संबंध काय, तो वाचता वाचता कळेल.

आमदार बसतात कोठे?

आपल्या राज्याचे विधानमंडळ आहे. त्याची बैठक मुंबईला भरते. वर्षातले एक अधिवेशन नागपूरला भरवण्याची रीत आहे. विधानमंडळाची दोन सभागृहे आहेत. एक विधानसभा. तिच्यात २८८ आमदार. त्यांना तुम्ही-आम्ही मत देऊन निवडतो. मांजर्ली आणि बदलापूर ही मुरबाड मतदारसंघात येतात. दुसरे सभागृह विधान परिषद. तिच्यात ७८ आमदार. त्यांची निवड निराळ्या रीतीने होते.

रस्ता, समाजमंदिर, पाण्याची टाकी अशा कामांसाठी आमदाराच्या नावे दर वर्षी निधी असतो. पण तो पैसा त्याच्या खिशात येत नाही. आमदार कामाची शिफारस करतो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. म्हणून "आमदारांनी आपल्या पदरचे पैसे दिले," असे कोणी म्हणाले, तर ते खरे धरू नये. तो पैसा तुमच्या-आमच्या करातलाच असतो.

ही कामे हवीतच. पण रस्ता चार पावसाळ्यांत उखडतो. चांगला कायदा मात्र पिढ्यान् पिढ्या पुरतो.

विसापूरचे पागे

सांगली जिल्ह्यात तासगाव तालुका आहे. त्या तालुक्यात विसापूर नावाचे गाव आहे. तेथले विठ्ठल सखाराम पागे हे स्वातंत्र्याच्या लढ्यातले कार्यकर्ते. पुढे ते विधान परिषदेत आमदार झाले. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते परिषदेचे सभापती होते. सभापती म्हणजे सभागृहाचे काम चालवणारा, दोन्ही बाजूंना सारखे बोलू देणारा प्रमुख.

एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसूनही त्यांचे लक्ष गावाकडे होते. तो भाग कमी पावसाचा. पाऊस चुकला की शेतात काम नाही. काम नाही तर मजुरी नाही, आणि मजुरी नाही तर चूल नाही. मग लोक घरदार सोडून जातात.

पागे यांनी हिशेब मांडला. एकीकडे हात रिकामे आहेत. दुसरीकडे गावात कामांचा डोंगर पडला आहे. बांध घालायचे आहेत, विहिरी खणायच्या आहेत, नाले अडवायचे आहेत, रस्ते करायचे आहेत. मग त्या हातांना ही कामे सरकारने का देऊ नयेत? माणसाला फुकट धान्य वाटले, तर एक दिवस भागते. काम दिले, तर मजुरी मिळते आणि मागे बांधही उरतो.

हा विचार त्यांनी त्या वेळचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडला. १९६९ साली विसापूर आणि आसपासच्या गावांत तो करून पाहण्यात आला. आधी थोड्या गावांत करून पाहिले, मग राज्याचा विचार झाला. शेतकरीसुद्धा नवे बी आधी एका वाफ्यात पेरून बघतो, तसेच हे.

१९७२ साली सरकारने ही योजना राज्यासाठी घेतली. तिचे नाव रोजगार हमी योजना. लगेच मोठा दुष्काळ पडला. जुन्या माणसांना तो आठवत असेल. दुष्काळी कामांवर माणसांच्या रांगा लागल्या. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. खडी फोडणारे हात, मातीची पाटी डोक्यावर घेतलेल्या बाया, तळ्याच्या भरावाखाली झोळीत निजलेली मुले, असे ते दिवस होते. गावात काम मिळाले म्हणून कितीतरी घरे तगली.

योजना वेगळी, कायदा वेगळा

येथे कोणी विचारील, "योजना तर झाली होती. मग कायदा कशाला?"

प्रश्न चांगला आहे. समजा, तुम्ही एक जमीन वीस वर्षे कसता. मालक भला आहे. तो म्हणतो, "कस रे बाबा, तुझीच आहे." पण सातबाऱ्यावर तुमचे नाव नाही. उद्या मालक बदलला, मन बदलले, तर तुम्ही काय दाखवाल? योजना ही मालकाच्या शब्दासारखी आहे. सरकारच्या मनात आहे तोवर चालते. कायदा हा सातबाऱ्यावरच्या नावासारखा आहे. तो दाखवून आपला हक्क मागता येतो.

कायदा असा होतो. आधी त्याचा मसुदा सभागृहात मांडतात. त्याला विधेयक म्हणतात. आमदार त्यावर बोलतात. एकेक कलम वाचून चर्चा होते. दुरुस्त्या सुचवतात. मग मत घेतात. एका सभागृहाने मंजूर केले, की ते दुसऱ्याकडे जाते. शेवटी राज्यपालांची सही होते. काही विधेयके राष्ट्रपतींकडेही जातात.

रोजगार हमीचा कायदा १९७७ साली दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याने गावातल्या मोठ्या माणसाला अंगमेहनतीचे काम मागण्याचा हक्क दिला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम द्यावे. न दिले, तर बेकारी भत्ता द्यावा. आणि बाई असो की बुवा, सारख्या कामाला दाम सारखाच.

पैसा कोठून आला? १९७५ साली राज्यात व्यवसाय कर सुरू झाला. पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर अशांकडून हा कर घेतात. तो रोजगार हमीसाठी ठेवला, आणि तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची असे ठरले. म्हणजे मुंबईतल्या कचेरीत पंख्याखाली बसणाऱ्याच्या पगारातून खेड्यातल्या उन्हातली मजुरी निघाली. शहराने गावाला केलेली ती मेहेरबानी नव्हती. गाव धान्य पिकवते, दूध पाठवते, म्हणून शहर जेवते. एकाने दुसऱ्याला धरून राहावे, असाच त्यात विचार होता.

हे काम एकट्या पाग्यांचे नव्हे. मुख्यमंत्री होते, अधिकारी होते. सरकारी बाकावरचे आमदार होते, तसे विरोधी बाकावरचेही होते. मजुरांनी मोर्चे काढले, तेही होते. पण गावात पाहिलेले दुःख विधानमंडळापर्यंत नेणारा आमदार कसा असतो, हे पाग्यांकडे पाहून कळते. १९९० साली ते वारले.

पुढे २००५ साली दिल्लीच्या संसदेने सर्व देशासाठी असा कायदा केला. त्याला पुढे महात्मा गांधींचे नाव दिले. त्यात एका कुटुंबाला वर्षात १०० दिवसांच्या कामाची हमी होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी दुसरा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १२५ केले आहेत. महाराष्ट्रात उगवलेले बी असे देशभर गेले.

कायदा आहे, पण कागद कोठे आहे?

आता आमच्या वर्गातली एक गोष्ट सांगतो. बाईंचे नाव सांगत नाही, गावाचेही नाही.

मांजर्ली आज नगरपरिषदेत आहे. गावाकडची ही हमी ग्रामपंचायतीच्या गावांना आहे, शहराला नाही. या बाई लांबच्या एका खेड्यातून भावाकडे राहायला आल्या होत्या आणि वर्गाला येत होत्या. त्यांच्या गावी भाताची कापणी झाली, की काम संपते. मग घरची सारी माणसे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. मुलांची शाळा तुटते. उचल फिटेपर्यंत परत येता येत नाही.

आम्ही विचारले, "बाई, गावात काम मागितलं नाही?"

त्या म्हणाल्या, "मागितलं की! तीन वेळा मागितलं. 'बघू' म्हणाले."

"कागद दिला होता?"

"कागद कशाला? तोंडानं सांगितलं ना."

मंडळी, येथेच गाडी अडते. पंधरा दिवस मोजायचे, पण कोणत्या तारखेपासून? तोंडी मागणीला तारीख नसते. "तुम्ही मागितलंच नाही," असे कोणी म्हटले, की आपण गप्प. सभागृहात दोनशे-तीनशे आमदारांनी मिळून केलेला हक्क एका तारखेवाचून वाया जातो.

त्या बाई महिनाभर अर्ज गिरवत होत्या. जोडाक्षर आले, की पेन्सिल अडायची. "ग्रामपंचायत" हा शब्द त्यांनी पन्नास वेळा लिहिला असेल. मग गावी गेल्या. परत आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत घडी घातलेला कागद होता. त्यावर शिक्का होता, तारीख होती, आणि खाली अंगठ्याच्या जागी त्यांची सही होती. त्या वर्षी त्यांना आठ आठवडे गावातच काम मिळाले. आठ आठवडे म्हणजे सगळे वर्ष नव्हे. उरलेल्या दिवसांची काळजी होतीच. पण उचल घ्यावी लागली नाही, आणि धाकटी मुलगी शाळेतून उठली नाही.

म्हणून तीन गोष्टी गाठीला बांधा.

१. काम लेखी मागा. अर्जावर तारीख घाला.

२. अर्ज दिल्याची पोच घ्या. तिच्यावर सही, शिक्का आणि तारीख आहे का, ते तिथेच उभे राहून वाचा.

३. हजेरीवर सही करण्याआधी आपले नाव आणि आपले दिवस मोजा. न वाचता सही करणे म्हणजे अंगठाच देणे.

आणि आमदार गावात आले, तर नळ-रस्ता जरूर मागा. पण हेही विचारा, "साहेब, या अधिवेशनात आमच्यासाठी कोणता कायदा आला? तुम्ही त्यावर काय बोललात?" हा प्रश्न विचारणारे गाव आमदाराला विसरता येत नाही.

अर्जाचा नमुना

(मोकळ्या जागा भरा. वहीत तीन वेळा लिहा.)

तारीख: ........

मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत ........, तालुका ........, जिल्हा ........

विषय: कामाची मागणी.

महोदय,
मी ........, राहणार ........, रोजगार हमीच्या कायद्याप्रमाणे तारीख ........ पासून ........ दिवस काम मागत आहे. माझ्याबरोबर घरातील ........ माणसे कामावर येतील. या अर्जाची तारीखवार पोच मिळावी, ही विनंती.

आपला / आपली,
(सही)

शब्दांचे अर्थ

मतदारसंघ: जेवढ्या भागातले लोक मिळून एक आमदार निवडतात तेवढा भाग.
विधेयक: मंजूर होण्याआधीचा कायद्याचा मसुदा.
सभापती: सभागृहाचे काम चालवणारा प्रमुख.
पोच: कागद मिळाल्याची लेखी खूण.
उचल: कामाआधी घेतलेले पैसे.

प्रश्न

१. आमदाराचे पहिले काम कोणते?
२. विसापूर गाव कोणत्या तालुक्यात आहे?
३. योजना आणि कायदा यांत काय फरक आहे? सातबाऱ्याचे उदाहरण देऊन सांगा.
४. व्यवसाय कर कोणाकडून घेतात? तो कशासाठी ठेवला?
५. बाईंनी तीन वेळा काम मागितले, तरी का मिळाले नाही?
६. आपल्या मतदारसंघाचे नाव लिहा. आमदाराला विचारायचा एक प्रश्न लिहा आणि खाली सही करा.