पोंझू : एक शब्द आणि एक कृती

जपानी स्वयंपाकघरात ‘पोंझू’ नावाचा आंबट-खारट रस असतो. मासे मुरवायला, कोशिंबिरीवर घालायला तो चालतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याला पाककृतीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. माझे कुतूहल नावापासून सुरू झाले.

‘झू’ म्हणजे ‘सु’, अर्थात शिरका. ‘पोन’ मात्र जपानी नव्हे. तो डचांचा ‘पोन्स’. १६४१ पासून नागासाकीच्या देजिमा बेटावर डचांची वखार होती आणि पुढे दोनशे वर्षे युरोपियनांपैकी केवळ त्यांनाच जपानशी व्यापाराची मुभा होती. पोन्स हे लिंबाचा रस घातलेले मद्यपेय. इंग्रजांचा ‘पंच’ तो हाच. आणि पंच कुठला? जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७० नंतरच्या दशकात आपल्या किनाऱ्यावर वावरला. १६९८ साली छापलेल्या प्रवासवृत्तात तो गोव्यातील नेरूलच्या अर्काची वाखाणणी करतो आणि पाच जिन्नसांवरून पेयाला हे नाव पडल्याचे सांगतो. म्हणजे जपानी बाटलीत आपला ‘पाच’! सर्व कोशकारांना ही व्युत्पत्ती मान्य नाही, हेही नोंदवले पाहिजे. मला ती पटते. जपानात मद्य गळाले, आंबट तेवढे उरले. त्यात सोया सॉस मिसळला की खरे नाव ‘पोंझू शोयु’, पण बोलताना सगळे पोंझूच म्हणतात.

आता कृती. एक वाटी सोया सॉस घ्यावा. तो आंबवून केलेला असावा, नुसता रंगाचा काळा नको. त्यात पाऊण वाटी फळाचा रस, दोन चमचे शिरका, दोन चमचे साखर आणि बोटभर ‘कोंबू’ हे वाळवलेले समुद्रशेवाळ घालावे. जपानी लोक सुकवून धुरावलेल्या माशाचे पापुद्रेही टाकतात. शाकाहारी मंडळींनी वाळलेली शिताके अळंबी टाकावी. कोंबू गाळू नये. १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी याच शेवाळातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला ‘उमामी’ म्हटले. माशात वा अळंबीत असलेल्या दुसऱ्या द्रव्याशी गाठ पडली की ही चव कितीतरी पटींनी वाढते.

रस कशाचा, हा खरा प्रश्न. जपानात युझु वापरतात. मी प्रथम निव्वळ कागदी लिंबू घेतले आणि वर मिश्रणाला उकळीही आणली. सुवास उडाला. आईने थेंबभर चाखून “हे कोणासाठी केलंस रे?” एवढेच विचारले! पुढच्या खेपेस निम्मे लिंबू, निम्मे संत्रे घेतले आणि चूल पेटवलीच नाही. साखर हलवून विरघळवली, बरणी एक दिवस शीतकपाटात ठेवली, मग गाळली. आईने काकडीवर दुसऱ्यांदा घालून घेतला.

कोशिंबिरीसाठी दोन भाग पोंझूला एक भाग तिळाचे तेल पुरे. मीठ वेगळे नको. मासा वीस मिनिटांहून अधिक मुरवू नये. आम्लाने तो बाहेरून पांढरा पडतो आणि तव्यावर चामट होतो.