होडीचे हुन्नर वहीत उतरवा

वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेल, समोर दाभोळ. येथल्या दर्यावर्दी बोलीतले खलाशी, सुकाणू हे शब्द मूळचे अरबी. व्यापाराबरोबर तेही किनाऱ्याला लागले. आता कोकणात फायबरची होडी पुढे आली आणि लाकडी होडी बांधणारे मिस्त्री कमी होत चालले. त्यांचे माप नजरेत असते, कागदावर नसते. फळ्यांच्या सांधीत सूत किती ठासावे, हे हातालाच ठाऊक.

मिरजेचे पाहा. तेथील शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात ते सतार-तंबोऱ्याकडे वळले. २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी माल कसा घडतो, ते टप्प्याटप्प्याने लिहून द्यावे लागते. अर्ज संस्थेमार्फत करायचा असतो, एकट्यादुकट्याने नव्हे. मुदत १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. शिवाय ते नाव वापरणाऱ्या प्रत्येक कारागिराने आपली वेगळी नोंदणी करायची असते.

होडीला मानांकन मिळेल की नाही, हा पुढचा प्रश्न. आम्ही म्हणतो, आधी बुजुर्ग मिस्त्रीजवळ वही घेऊन बसा. लाकूड कोणते, किती सुकवलेले, बाक कसा काढला, प्रत्येक भागाला गावात काय म्हणतात, सारे लिहा. मजुरीचा हिशोबही त्याच वहीत असू द्या.