चूल का तापत नाही?

पावसाळ्यात मुळशी तालुक्याच्या पश्चिम भागातील शाळेत एखादी मुलगी उशिरा येते. कारण विचारले असता, "गुरुजी, चूल पेटलीच नाही," असे सांगते. शिक्षकांनी हे उत्तर सबब म्हणून सोडून देऊ नये. ताम्हिणीकडे पाऊस एकदा लागला म्हणजे दिवसचे दिवस उघडीप मिळत नाही. सरपण सादळते, चूल धुमसते, आणि घरातील बाई फुंकणी फुंकता फुंकता डोळे चोळू लागते. घरात गॅसची टाकी असली तरी ती पुरवून वापरावी लागते. म्हणून अंघोळीचे पाणी व भाकरी कित्येक घरी चुलीवरच होतात. याच खोऱ्यातील धरणाचे पाणी 1927 पासून भिऱ्याच्या वीजगृहात वीज निर्माण करीत आले आहे, आणि त्या धरणाविरुद्ध 1921 साली झालेल्या सत्याग्रहात सेनापती बापट अग्रभागी होते, हे मुलांना इतिहासात सांगितले जाते. त्याच मुलांच्या घरची चूल विज्ञानाच्या तासाला विषय व्हावयास हरकत नाही.

चूल तापली नाही की दोष चुलीला, नाहीतर ती पेटविणाऱ्या सुनेला दिला जातो. वास्तविक तो बहुधा लाकडात दडलेल्या पाण्याचा असतो. एक ग्रॅम पाणी 20 अंशांपासून उकळीपर्यंत आणण्यास 80 कॅलरी उष्णता पुरते. परंतु त्या उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे 540 कॅलरी लागतात. ओल्या लाकडातील पाणी ही उष्णता आधी खाऊन टाकते. शिवाय लाकडात ओल आहे तोवर त्याचा तो भाग 100 अंशांच्या फारसा वर चढत नाही. आणि लाकडातून पेट घेणारे वायू भरपूर निघण्यास 250 ते 300 अंश तरी हवेत. ते निघाले, पण पेटण्याइतकी धग नसली, तर त्यांचाच धूर होतो. म्हणजे धूर हे न जळलेले सरपणच होय. ते वाया जातेच, वर आईच्या व तिच्याजवळ बसलेल्या लेकराच्या छातीत जाते.

हे वर्गात दाखविणे सोपे आहे. कागदाच्या द्रोणात पाणी घालून शिक्षकांनी तो मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावा. पाणी तापते, पण पाण्याला टेकलेला कागद जळत नाही. हा प्रयोग पाहिलेल्या मुलास ओले लाकूड का पेटत नाही हे निराळे सांगावे लागत नाही.

आता परीक्षेचा क्रम. प्रथम सरपण पाहावे. दोन लाकडे एकमेकांवर आपटल्यास वाळलेली खणखणतात, ओली बद्द वाजतात. वाळलेल्या लाकडाच्या टोकास बहुधा चिराही दिसतात. जाड ओंडके फोडून घ्यावेत, कारण सालीआड ओल फार दिवस टिकते. सरपण ठीक असेल तर चुलीचे तोंड पाहावे. घाईने तोंड लाकडांनी गच्च भरले जाते, आणि मग वारा आत शिरायला वाटच राहत नाही. साचलेली राखही खालची हवा अडविते; ती रोज काढावी. वैलावर भांडे नसेल तर त्याचे तोंड झाकावे, नाहीतर धग तिकडून निघून जाते. भेगा पडल्या असतील तर चिकणमाती, शेण व भाताचे तूस कालवून त्या लिंपाव्यात. लिंपण सावलीत वाळू द्यावे व पहिला जाळ मंद ठेवावा. घाई केल्यास भेग पुन्हा उकलते.

धुराडे असलेल्या चुलीची तऱ्हा थोडी वेगळी. वर्ध्याच्या मगनवाडीतील 'मगन चूल' या जातीची होती. पुढे 1983 साली सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही धुराड्याच्या चुली बसविल्या गेल्या. तो कार्यक्रम 2002 साली थांबला. अशा चुलीचे खरे दुखणे धुराड्यातील काजळी. पेटत्या चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरावी. तिचा धूर आत ओढला गेला तर धुराडे चालते. बाहेर लोटला गेला तर ते तुंबले आहे, किंवा त्याचे टोक छपराच्या आढ्याहून खाली राहिल्याने वारा उलटा शिरतो आहे. चूल विझवून, धुराडे निवल्यावर, लांब काठीला चिंध्या बांधून ते झाडावे.

दोन गोष्टी मुलांना बजावून सांगाव्यात. चूल पेटत नाही म्हणून तीवर रॉकेल कधीही ओतू नये. आणि थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत ठेवून कोणी निजू नये; निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूस रंग नाही, वास नाही, आणि झोपेत तो माणसास जागे होऊ देत नाही.

गृहपाठ म्हणून प्रत्येकाने एक ओले लाकूड दुकानातील तराजूवर तोलावे, वर्गाच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवावे व दर सोमवारी त्याचे वजन वहीत लिहावे. आकडा उतरावयाचा थांबला म्हणजे ते लाकूड त्या जागी वाळावे तेवढे वाळले असे समजावे.