जिद्द

मुष्टियुद्ध म्हणजे नुसती मारामारी, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. मारामारीत दांडगा माणूस किरकोळ माणसाला बडवतो. मुष्टियुद्धात तसे होऊ देत नाहीत. स्पर्धेआधी खेळाडूला काट्यावर उभे करतात, त्याचे वजन घेतात आणि त्याच्याच वजनगटातल्या खेळाडूशी त्याची लढत लावतात. बरोबरीच्याशी बरोबरीचा, हा या खेळाचा पहिला कायदा.

त्यामुळे सडपातळ खेळाडूसुद्धा जगज्जेता होऊ शकतो. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचाहून नदी ओलांडली की तेलंगण राज्य लागते. त्या राज्यातील निजामाबादच्या निखत जरीन यांनी 2022 साली इस्तंबूलला 52 किलो गटात आणि 2023 साली नवी दिल्लीला 50 किलो गटात जगज्जेतेपद मिळवले. मणिपूरच्या मेरी कोम तर 2002 ते 2018 या काळात सहा वेळा जगज्जेत्या झाल्या. त्यांचे पहिले जगज्जेतेपद 45 किलो गटातले होते आणि सहावे 48 किलो गटातले. आपल्याकडे धानाचे भरलेले पोते कधी कधी याहून जड असते!

महाराष्ट्रातही लहान चणीचा असा एक मुष्टियोद्धा घडला. त्याने जग जिंकले. पण ठोशांनी नव्हे, पाण्यात. त्यांचे नाव मुरलीकांत राजाराम पेटकर.

मुरलीकांतांचा जन्म 1 नोव्हेंबर 1944 रोजी सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे झाला. त्या भागात कुस्तीचे भारी वेड. मुरलीकांतही लहानपणापासून आखाड्यात उतरले. एकदा त्यांनी गावातल्या एका मातब्बर घरच्या मुलाला चीत केले. कौतुक व्हायचे ते राहिले बाजूला, गावात तंटाच उभा राहिला. त्यामुळे घर सोडावे लागले, असे त्यांनी पुढे मुलाखतींमध्ये सांगितले आहे. घर सोडलेला हा मुलगा फौजेत दाखल झाला.

बल्लारशाह स्थानकावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांतल्या काही गाड्या काझीपेटमार्गे सिकंदराबादला जातात. या सिकंदराबादला फौजेच्या ईएमई दलाचे मोठे केंद्र आहे. रणगाडे, तोफा, मोटारी यांची दुरुस्ती करणारे हे दल. मुरलीकांत या दलाचे जवान झाले. आखाडा सुटला, पण लढण्याची हौस सुटली नाही. सिकंदराबादला ते मुष्टियुद्ध शिकू लागले.

या खेळात हात जितके लागतात तितकेच पाय लागतात. पाय जागेवर थांबले की समोरच्याचा ठोसा बसलाच म्हणून समजा. म्हणून मुष्टियोद्धा रोज दोरीवरच्या उड्या मारतो, पहाटे धावतो आणि समोर कोणी नसतानाही हवेत ठोसे मारत पुढेमागे सरकतो. मुरलीकांतांनी ही मेहनत मनापासून केली. 1964 साली टोकियो येथे निरनिराळ्या देशांच्या सैन्यदलांची क्रीडास्पर्धा झाली. तिच्यात त्यांनी भारतातर्फे मुष्टियुद्धात भाग घेतला. त्यांना 'छोटा टायगर' हे नाव पडले. वय अवघे एकोणीस-वीस. पुढची सगळी वाट मोकळी दिसत होती.

दुसऱ्याच वर्षी, 1965 च्या सप्टेंबरात, भारत आणि पाकिस्तान यांच्यात युद्ध पेटले. मुरलीकांत सियालकोट आघाडीवर होते. एके दिवशी छावणीत शिट्टी वाजली. ती हल्ल्याची सूचना होती. पण काही जवानांना ती चहाची शिट्टी वाटली आणि ते बाहेर आले. एवढ्यात वरून विमानांचा मारा सुरू झाला. कित्येक जवान जागीच पडले. मुरलीकांतांच्या अंगात अनेक गोळ्या घुसल्या. त्यांतली एक पाठीच्या कण्यात जाऊन बसली. ते वाचले, पण कमरेखालचे अंग कायमचे लुळे झाले. काही काळ स्मृतीही हरपली होती.

ज्या खेळात पायांवर सारे अवलंबून, त्या खेळाडूचे पायच गेले. मुष्टियुद्ध संपले. इथे दुःख करू नये असे सांगणे सोपे आहे. पण वीस वर्षांच्या तरुणाला ते किती जड गेले असेल, याचा तुम्हीच विचार करा.

उपचारांसाठी त्यांना मुंबईला नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात ठेवले. तेथे व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवू लागले. पाणी शरीराचे वजन पेलते. जमिनीवर न हलणारा माणूस पाण्यात थोडा तरी हलू शकतो. इरई, वर्धा किंवा वैनगंगेच्या काठच्या मुलांना पोहण्याचे काय नवल! पण एकदा कल्पना करून पाहा. आपण पोहतो तेव्हा पाय मारतो, म्हणून अंग पाण्यावर आडवे राहते. पायांत जीवच नसेल, तर ते खाली बुडतात आणि अंगाला मागे ओढतात. तो सगळा भार खांदे आणि दंड यांनीच ओढायचा. मुरलीकांतांचे खांदे आखाड्यात आणि मुष्टियुद्धात तयार झालेले होते. ते कामाला आले.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. 'जिद्द' हा मराठी शब्द आणि तुमचा उर्दू 'ज़िद' हे एकाच अरबी शब्दापासून आले आहेत. घरात आई 'ज़िद मत करो' म्हणते, तेव्हा तिला हट्ट नको असतो. मराठीत मात्र 'त्याच्यात जिद्द आहे' असे म्हटले, की ती शाबासकी असते. मुरलीकांतांचे वागणे पाहिले तर दोन्ही अर्थ खरे वाटतात. पोहण्यावर ते थांबले नाहीत. भालाफेक, गोळाफेक, टेबल टेनिस, जे बसून खेळता येईल ते सारे ते खेळू लागले. 1968 साली तेल अवीव येथील पॅरालिंपिक स्पर्धेत त्यांनी टेबल टेनिसमध्ये भाग घेतला आणि पहिली फेरी जिंकली. प्रसिद्ध क्रिकेटपटू विजय मर्चंट दिव्यांगांसाठी काम करीत असत. त्यांचा मुरलीकांतांना मोठा आधार मिळाला. 1970 साली एडिंबरा येथे राष्ट्रकुलातील दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धेत मुरलीकांतांनी 50 मीटर पोहण्याचे सुवर्णपदक घेतले.

या स्पर्धांचा उगमही जखमी सैनिकांमधूनच झाला. दुसऱ्या महायुद्धात पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांवर इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात उपचार होत. तेथील डॉक्टर लुडविग गुटमान यांनी 1948 साली, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या सोळा जणांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले.

1972 सालचे ऑलिंपिक जर्मनीत म्यूनिकला होते. पॅरालिंपिक त्याच देशात हायडेलबर्गला, ऑलिंपिकच्या थोडे आधी, ऑगस्टमध्ये झाले. या स्पर्धेतल्या पोहण्यातही मुष्टियुद्धासारखेच गट होते. मात्र ते वजनाचे नव्हते. कणा कोठे दुखावला आहे, शरीराचा किती भाग काम करतो, हे तेव्हा डॉक्टर तपासत आणि त्यावरून गट ठरवत. बरोबरीच्याशी बरोबरीचा, तोच कायदा. मुरलीकांत 50 मीटर फ्रीस्टाइलच्या तिसऱ्या गटात होते.

पन्नास मीटर म्हणजे किती? चार-पाच एस.टी. गाड्या एकामागे एक उभ्या केल्या, तर होईल तेवढे अंतर. केवळ हातांच्या बळावर मुरलीकांतांनी ते 37.33 सेकंदांत कापले. हा त्या गटातला जागतिक विक्रम ठरला आणि त्यांना सुवर्णपदक मिळाले. पॅरालिंपिकमधले भारताचे हे पहिले सुवर्णपदक. दुसऱ्यासाठी 2004 सालापर्यंत वाट पाहावी लागली. ते भालाफेकीत देवेंद्र झाझरिया यांनी मिळवले.

एवढा मोठा पराक्रम. पण देश तो जवळजवळ विसरून गेला. मुरलीकांतांनी पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी केली. 1982 साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. ज्याने पदक आणले, त्यालाच आपल्या पराक्रमाचे दाखले घेऊन अर्ज करावा लागावा, ही गोष्ट मनाला लागते. पुढे 2018 साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. 2024 साली त्यांच्या जीवनावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट निघाला. आणि 17 जानेवारी 2025 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार देण्यात आला. तेव्हा 'छोटा टायगर' ऐंशी वर्षांचे होते.

शब्दार्थ
मातब्बर – वजनदार, श्रीमंत. चीत करणे – कुस्तीत पाठीवर पाडणे. तंटा – भांडण. आघाडी – लढाईची पुढची जागा. स्मृती – आठवण. लुळे – शक्ती नसलेले. नामंजूर – न स्वीकारलेला.

स्वाध्याय
1. मुष्टियुद्धात खेळाडूचे वजन का घेतात?
2. पाय लुळे असताना पोहणे अवघड का जाते?
3. पॅरालिंपिकमधील गट आणि मुष्टियुद्धातील गट यांत कोणते साम्य आहे? फरक कोणता?
4. 'जिद्द' आणि 'ज़िद' यांसारखे मराठीत व उर्दूत दोन्हीकडे असलेले पाच शब्द शोधा. त्यांच्या अर्थात काही फरक आहे का, ते घरच्यांना विचारून लिहा.