हक्क कोणाचे? तरुणांसाठी अभ्यासपाठ

वाचन : उत्पत्ती 1:26-27, गणना 27:1-11, लूक 10:25-37



सातपुड्यातील पाड्यांवरून नंदुरबारला कॉलेजसाठी आलेल्या मुलामुलींचा अभ्यासवर्ग मी घेतो. मानवी हक्कांचा जाहीरनामा 10 डिसेंबर 1948 रोजी पॅरिसमध्ये मंजूर झाला, त्यात 30 कलमे आहेत, हे त्यांना परीक्षेपुरते पाठ असते. चर्चेत मात्र तीन विचार हमखास पुढे येतात.

1. “हे परदेशी लोकांचे विचार.”
जाहीरनामा तयार करताना भारताच्या हंसा मेहता तेथे होत्या. पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होणारे शब्द त्यांच्या आग्रहाने बदलले आणि ‘सर्व मानव’ असे झाले. नर आणि नारी दोघेही देवाच्या प्रतिरूपाचे, हे उत्पत्तीतील सत्य येथे आठवावे.

2. “हक्क म्हणजे सरकारची मेहेरबानी.”
शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, वसतिगृह, सगळ्यासाठी रांगेत उभे राहून मुलांना तसे वाटू लागते. पण 2006 चा वनहक्क कायदा आदिवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय प्रस्तावनेतच मान्य करतो. तो जमीन दान देत नाही, आधीपासूनचा हक्क मान्य करतो. सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेपुढे उभे राहून वडिलांचे वतन मागितले, तेव्हा देवाने त्यांचे म्हणणे रास्त ठरवले.

3. “हक्क आपल्या माणसांचे.”
येथे वर्ग अडखळतो. जमिनीबद्दल तावातावाने बोलणारे तरुण डाकीण ठरवलेल्या बाईचा विषय निघाला की खाली बघतात. “गावाने ठरवलं, सर. आम्ही काय बोलणार?” एकाने विचारले. त्यावर मागे बसलेली मुलगी म्हणाली, “ती माझी आत्या आहे.” मग बराच वेळ कोणी बोलले नाही.

त्या मुलाची भीती खोटी नाही. बाजू घेणाऱ्याचे घरही वाळीत पडू शकते. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आळ घेणे गुन्हा ठरवले आहे, पण तो कायदा पाड्यावर सांगणार कोण? शोमरोनी माणसाने जखमी माणसाचे कूळ विचारले नाही. जिच्या बाजूने कोणीच उभे नाही, तिच्यापाशी आपला विश्वास पारखला जातो.

चर्चेसाठी प्रश्न
1. कोणाचा हक्क आपण उपकार समजून देतो?
2. एखाद्या बाईवर असा आळ आला, तर तिच्या घरी सोबतीला कोण जाईल? पोलीस पाटलांना निरोप कोण देईल?

प्रार्थनेचा विषय : सुट्टीत गावी जाणाऱ्या या मुलांना धैर्य मिळावे, आणि त्या आत्याला सोबत.