जाळीकामाच्या करवतीचे पाते
पातळ फळीतून वेलबुट्टी कोरणारी जाळीकामाची यांत्रिक करवत नाजूक दिसते. परंतु तिचे पाते चढविताना घाई करू नये. नुसते बटण बंद करणे पुरेसे नव्हे. प्रथम विजेचा प्लगच काढावा. पात्याचे दाते समोर व खाली वळलेले असावेत. उलटे बसल्यास ते फळीला उचलून आपटतात. आधी खालची, मग वरची पकड आवळून हळूहळू ताण द्यावा. पाठीकडून हलकेच छेडले असता पात्यातून तारेसारखा स्वच्छ नाद उमटावा. सैल पाते रेषा सोडून भरकटते. अति ताणलेले तुटते. गुण्या लावून पाते मेजाशी काटकोनात आहे ना, हे पाहावे; डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवावा आणि मगच यंत्र सुरू करावे. तुटलेले पाते पुन्हा विकत मिळते. बोट मिळत नाही.